उघाडीवरचा नारळ

आमच्या म्हाताऱ्याच्या तोंडात 'दुखतंय' हा शब्द देवानं घातलाच नव्हता. भूक लागली तर सांगायचा, राग आला तर अख्ख्या आळीला ऐकवायचा, पण दुखलं तर नाय. लग्न होऊन मी ह्या गावात आले तेव्हा पहिल्याच उन्हाळ्यात मला हे कळलं.

आमचं गाव पेणजवळच्या जिते गावाच्या पश्चिमेला, खाडीच्या अंगाला. आता बघायला जाल तर नुसतं खारफुटीचं रान माजलंय, पण तेव्हा गावापासून खाडीपर्यंत सगळी मिठागरं. हंगामाच्या तोंडाला पुरुष रांगेनं उभे राहून आगराची जमीन पायांनी चोपायचे. थप थप थप, आणि वर गाणं. चैत्रात मिठाच्या राशी लागल्या की बघवायचं नाय, डोळे दिपायचे. मी नवी नवरी, डोक्यावर भाकऱ्यांची टोपली घेऊन बांधावरून जायची, आणि आमचा हा लांबूनच ओळखू यायचा. सगळ्यांत उंच, आणि सगळ्यांत काळा.

एकदा मी टोपली घेऊन गेले तर हा खाऱ्या पाण्यात उभा, आणि पायाभोवती पाणी लाल झालेलं. कालवाच्या शिंपीनं टाच चिरली होती. चिरलेल्या जागी मीठ, म्हणजे काय होतं ते मिठागरातल्यालाच विचारा. मी घाबरून म्हटलं, "दुखतंय का वं?"

"नाय," म्हणाला.

पण मी खाली बघितलं. दुसऱ्या पायाचा अंगठा त्यानं चिखलात असा रुतवला होता, की खुंटाच ठोकलाय. तेव्हापासून मी त्याच्या तोंडाकडं बघणं सोडलं. तोंड म्हणायचं नाय, आणि अंगठा सांगायचा व्हय. इंगळी चावली, हातावर मिठाची रास कोसळली, आई गेली, तरी तोंडातून तेच. मी अंगठा बघून हळद लावायची, शेक द्यायची, आणि शिव्याही द्यायची. पण मनात राहून जायचं. अरे, बायको हाय मी, एकदा तरी सांग की.

नाव सांगायचं तर उखाण्यात घेतलं तेवढंच, गुणाजी.

मिठागरं बंद पडली तशी गावातली माणसं कंपन्यांत लागली. आमचा पोरगा कमळाकर रोह्याला कंपनीत शिफ्ट करतो. म्हातारा मात्र उघाडीवर राहिला. खाडीच्या बांधात लाकडी दार असतं, ती उघाडी. भरती चढायच्या आधी दार लावायचं, ओहोटी लागली की उघडून शेतातलं पाणी खाडीत सोडायचं. भरतीला दार उघडं राहिलं तर खारं पाणी भातात शिरतं आणि सगळ्या गावाच्या तोंडचा घास जातो. म्हाताऱ्यानं कितीतरी वर्षं ते दार सांभाळलं. ताप असो, पाऊस असो, पोराचं लगीन असो, पाणी फिरायच्या आधी हा दारावर हजर. म्हणून नारळी पुनवेला गावाचा नारळ त्याच्या हातानं उघाडीवरून खाडीत जायचा. दुसरा कसला मान त्यानं मागितला नाय, पण हा त्याचा होता, आणि त्याच्या आधी त्याच्या बापाचा.

मग दुखणं आलं. लघवीच्या जागेचा कॅन्सर, आणि कळला तेव्हा कमरेच्या हाडांत उतरलेला. ह्यानं सांगितलंच नाय तर कळणार कसा? मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, आजार आता हटायचा नाय, पण दुखणं आटोक्यात ठेवता येतं. घरी न्या, पेणहून नर्स घरी येऊन बघेल.

आषाढात ती आली. स्कूटरवरून, रेनकोट घालून, चिखलानं गुडघ्यापर्यंत माखलेली. नाव हमिदा. म्हातारा ओटीवर बाजल्यावर पडला होता. तिनं हात धुतले, जवळ बसली आणि विचारलं, "काका, आत्ता किती दुखतंय? काहीच नसेल तर शून्य म्हणा, सोसवतच नसेल तर दहा."

"नाय."

"नाय म्हणजे शून्य?"

"नाय म्हणजे नाय."

मी चुलीपासून ओरडले, "त्याच्या तोंडाकडं काय बघतेस गो बाय, अंगठ्याकडं बघ!"

तिनं बघितलं. अंगठा गोधडीत रुतला होता. तिला हसू आलं. मग कोण, कुठली अशी चौकशी झाली, आणि कळलं की ही नूरमहंमदाची पोर. नूरमहंमदाचा मचवा आमच्या आगरातलं मीठ भरायला यायचा. मचव्याच्या पुढच्या टोकाला, नाळेवर बसून एक झिपरी पोरगी पाण्यात पाय हलवायची, तीच ही. म्हाताऱ्याचा चेहरा जरा सैल झाला.

"तुझ्या बापानं एकदा मी संगती असताना मचवा चिखलात रुतवला होता," म्हणाला. "सुकतीला, पाणी ओसरताना. गाढव कुठला."

"अजून सांगतात ते," हमिदा म्हणाली. "फक्त त्यात गाढव तुमी असता." मग तिनं विचारलं, "बरं काका, आकडे राहू द्या. कमरेत आत्ता भांग हाय की उधाण?"

खाडीला पाणी कमी चढतं त्या दिवसांना आमच्याकडं भांग म्हणतात, आणि पुनव-अवसेला फुगतं ते उधाण. म्हाताऱ्यानं मान वळवून तिच्याकडं नीट बघितलं.

"भांग सरला," म्हणाला. "पाणी चढतंय."

एवढं तर त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं. राग आला मला, खोटं कशाला बोलू? अख्खा जन्म मी अंगठे वाचत बसले, आणि ही कालची पोर येऊन बोलतं करून गेली.

हमिदानं गोळ्या दिल्या, मॉर्फिनच्या. मला समोर बसवून समजावलं. गोळी घड्याळावर द्यायची, चार चार तासांनी, दुखायची वाट बघायची नाय. रात्री किती द्यायची तेही सांगितलं. बरोबर पोट साफ राहायची पूड रोज निजताना, कारण ह्या गोळीनं पोट बांधतं. मधेच दुखणं उसळलं तर एक जादा देता येते, पण तिला फोन करून सांगायचं. माणूस नुसताच पेंगायला लागला, हाक मारून जागा होईना, श्वास संथ झाला, तर पुढची गोळी द्यायची नाय, लगेच फोन. आणि डबा कुलपात, नातवंडांच्या हाताला लागता कामा नये. मग मलाच सगळं परत म्हणायला लावलं. शाळेत नाय गेले ती ह्या वयात धडा म्हणून दाखवला.

तेवढ्यात शेजारची काशीबाई येऊन उंबऱ्यात उभी. तिला कोणी बोलवावं लागत नाय.

"अफू गो ती," ती माझ्या कानाशी म्हणाली, पण कानाशी म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "एकदा जिभेला लागली की सुटायची नाय. आणि ही गोळी दिली म्हणजे समज, वरचं बोलावणं आलं."

"दुखण्यापुरती, सांगितली तशी दिली तर अशी चटक लागत नाही, काशीबाई," हमिदा म्हणाली. "आणि बोलावणं यायचं तेव्हा येतं. तोवर माणसानं कण्हत पडायचं काय?"

काशीबाई उंबऱ्यातच खाली टेकली. मग हळूच म्हणते, "माझ्या गुडघ्याला एखादी देशील का?"

"अर्धीसुद्धा नाही. ज्याची त्यालाच."

मला काशीबाईचं तोंड बघून इतकं बरं वाटलं!

पहिले चार दिवस म्हातारा सुधारला. ओटीवर बसून जवळ्याची चटणी मागून खाल्ली. मग कुठं बिनसलं कळेना. मी वेळेवर गोळी हातावर ठेवायची, तो पाण्याबरोबर घ्यायचा, आणि तरी कंबर धरलेली. कूस बदलताना कपाळावर घाम यायचा. जेवण सुटलं. "दुखतंय का?" "नाय." अंगठा मात्र दिवसभर आवळलेला. मला वाटलं, गोळी हरली. काशीबाई म्हणते तेच खरं, आता बोलावणं आलं.

श्रावण लागला होता, पुनव आठवड्यावर आली होती. एका दुपारी मला सुपारीची तलफ आली, आणि माझी सुपारी संपलेली. म्हाताऱ्यानं तंबाखू केव्हाच सोडली होती, पण चंची कमरेला तशीच. झोपलाय असं बघून मी ती हळूच ओढली. सुपारी नाय, चुना नाय. आत प्लास्टिकच्या कागदाची पुरचुंडी, आणि पुरचुंडीत गोळ्या. ओल्या होऊन वाळलेल्या, काही पिठाळलेल्या. गालात धरायच्या, मी पाठ वळवली की काढून चंचीत!

"उठा," मी म्हटलं. "हे काय हाय?"

त्यानं डोळे उघडले. चंची बघितली. "साठवलंय," म्हणाला.

"कशाला? लोणचं घालायचंय?"

"पुनवेला लागतील. एकदम घेईन नि चालत जाईन उघाडीवर." मग मला येडीला समजावल्यासारखं म्हणाला, "आगर भरायचं तर उधाणाचं पाणी एकदम घ्यावं लागतं, चंद्रे. भांगाला थेंब थेंब घेऊन आगराचं तळं भरत नाय. ह्या गोळ्या अशा एक एक खाऊन काय होतंय? नुसतं दुखणं भागवायचं. त्यापेक्षा साठवलेलं बरं."

म्हणजे बघा, हा माणूस नारळासाठी रोज होरपळत होता, आणि मी समोर बसून त्याला पाणी पाजत होते! मी काय काय बोलले ते आठवत नाय. शिव्या दिल्या, रडले, परत शिव्या दिल्या. चंची माझ्या कमरेला खोचली आणि कमळाकरला सांगून हमिदाला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती आली. मी पुरचुंडी तिच्यापुढं ओतली. तिचं तोंड उतरलं. रागावली नाय, तेच जास्त लागलं मला. सगळ्या गोळ्या मोजून तिनं आपल्या पाकिटात बंद केल्या आणि बाजल्याच्या कडेला बसली.

"काका, ह्या एकदम घेतल्या असत्या तर दुखणं थांबलं असतं. आणि श्वासही. काकीनं हाक मारली असती, तुमी उठला नसता."

गोळी एवढीशी दिसते, तिच्यात एवढं असेल असं म्हाताऱ्याला वाटलंच नव्हतं. मरायला तो भीत नव्हता, पण नारळ टाकायच्या आधी मरायचं, ते नको होतं.

"उघाडीचं दार कधी लावायचात?" हमिदानं विचारलं. "पाणी शेतात शिरल्यावर?"

"शिरल्यावर लावून काय उपेग? पाणी फिरायच्या आधी."

"आणि एखाद्या दिवशी भरती लहान असली तर? म्हणायचात का, आज राहू दे, हे लावणं पुनवेला साठवू?"

कमळाकर भिंतीला टेकून उभा होता, तो फिसकन हसला. म्हातारा हसला नाय, पण ओठ हलले.

"तसं करीन कसा? दर भरतीला दार लावावंच लागतं."

"मग गोळीचं तसंच. आधीची उतरायच्या आत पुढची. दुखणं शिरूच द्यायचं नाही. साठवायचं ते मीठ, औषध नाही." मग तिनं आवाज न बदलता विचारलं, "शौचाला कधी गेला होतात?"

म्हाताऱ्यानं मानच फिरवली. "बापाच्या वयाच्या माणसाला काय विचारतेस गो?"

"बापालाही विचारते मी. कधी?"

मग भिंतीशी बोलल्यासारखा पुटपुटला, "आठवडा झाला. पोट दगडासारखं झालंय. त्यापायी पण गोळी नको वाटायची."

आणि पूड? पूड त्यानं बाजल्याखाली सांडली होती, मुंग्यांना. बायकोसमोर, पोरासमोर, नूरमहंमदाच्या पोरीसमोर हे असलं बोलावं लागलं म्हणून त्याचे डोळे भरले. मिठाची रास अंगावर आली तेव्हा भरले नव्हते. हमिदानं आम्हाला बाहेर काढलं, हातमोजे चढवले आणि जे करायचं ते केलं. दार उघडलं तेव्हा म्हातारा घामानं भिजला होता, पण त्याचं पोट मऊ झालं होतं. "चहा दे," म्हणाला.

निघताना तिनं बजावलं, "काकी, गोळी गिळली की जीभ उचलून दाखवायला सांगा. आणि काका, पुनवेला जायचं तर जा, पण चालत नाही. हाड ठिसूळ झालंय, बांधावर पाय घसरला तर मोडेल. निघायच्या अर्धा तास आधी एक जादा गोळी घ्या. आणि मधे दुखलं तर तोंडानं सांगा. मला नाही, हिला."

"मग काय, मिठाच्या पाटीसारखा वाहून नेणार मला?" म्हातारा उसळला.

"जन्मभर पाट्या वाहिल्यात," मी म्हटलं, "एक दिवस पाटी व्हा!"

त्या आठवड्यात मी त्याच्या मागं सासूसारखी लागले. "जीभ दाखवा." तो पोरासारखी जीभ बाहेर काढायचा, वर वेडावून पण दाखवायचा. पूड कोमट पाण्यात घालून समोर संपवायला लावायची. दोन दिवसांत फरक पडला. तिसऱ्या दिवशी झोपेत घोरला. काय ते घोरणं, पत्रे हादरले, आणि मी पडल्या पडल्या ऐकत राहिले. किती दिवसांनी ऐकत होते!

पुनवेला आभाळ उघडलं होतं. कमळाकरनं शिफ्ट बदलून घेतली. प्लास्टिकच्या खुर्चीला दोन्ही बाजूंनी बांबू बांधले. मिठागरातले जुने जोडीदार मोरू आणि जनू आले. दोघं खांदा द्यायच्या लायकीचे राहिले नव्हते, पण हुकूम सोडायला पुढं. "हळू, डावीकडं घसरण हाय. अरे पोरांनो, मीठ नाय ते, सांडेल!" म्हाताऱ्याला पांढरी टोपी घातली, मांडीवर सोनेरी कागदाचा नारळ दिला. सांगितल्याप्रमाणे जादा गोळी आधीच दिली होती, आणखी लागली तर म्हणून हमिदाला फोनवर विचारून एक माझ्या पदराच्या गाठीला होती. दुसऱ्या हातात नारळीभाताचा डबा.

बांधावरून वरात निघाली. घराघरांतल्या बायाबापड्या बघायला दारात. सुरवातीला म्हाताऱ्यानं शरमेनं मान खाली घातली होती. पण आगरांची जागा आली तशी वर झाली. आता तिथं नुसती खारफुटी आणि चिखल. "हे माझं," तो बोट दाखवून म्हणाला. "ते मोरूचं. ती तिथं नूरमहंमदाचा मचवा लागायचा." नसलेलं आगर त्यानं सगळं दाखवलं, आणि मला ते दिसलं. डोईवर टोपली घेऊन जाणारी मीसुद्धा दिसले.

उघाडीवर पाणी दाराच्या वरच्या फळीला लागलं होतं. गुलाल, हळदकुंकू झालं. कमळाकरनं आणि मी दोन्हीकडून धरून म्हाताऱ्याला उभा केला. त्यानं दोन्ही हातांनी नारळ कपाळाला लावला, काहीतरी पुटपुटला आणि सोडला. फेकायला जोर नव्हता, नुसता सोडला. नारळ बुडाला, वर आला आणि खाडीला लागला. "दर्याराजा, सांभाळ!" मोरू ओरडला, आणि सगळे ओरडले.

परत फिरलो. थोडं अंतर गेलं असेल, माझी नजर त्याच्या पायाकडं गेली. अंगठा खुर्चीच्या पायाला आवळलेला. वरच्या ओठावर घाम. खुर्चीचे हिसके कमरेत बसत होते. चार खांद्यांवर, सगळ्या गावासमोर, आज त्याच्या मानाच्या दिवशी. मी विचारलंच नाय. विचारून काय, नायच म्हणणार.

"थांबा," म्हातारा म्हणाला.

पोरं थांबली. त्यानं मला शोधलं, आणि चारचौघांत, मोरू-जनूच्या देखत, मोठ्यानं म्हणाला, "चंद्रे, दुखतंय गो."

माझं काय झालं ते मलाच कळलं नाय. हसू आलं, रडू आलं, आणि पदराची गाठ काय सुटेना! शेवटी दातांनी सोडवली. गोळी दिली, पाणी दिलं. त्यानं आपण होऊन जीभ उचलून दाखवली.

खुर्ची बांधावर उतरवली. गोळी लागू पडेपर्यंत हलायचं नाय, असं मी सगळ्यांना बजावलं. मग करणार काय? सगळे तिथंच बांधावर बसले, दुपारच्या जेवणाला आगरातली माणसं बसायची तसे. मी डबा उघडला. हातावर हातावर नारळीभात दिला. मोरूनं आगर चोपायचं गाणं धरलं, जनूला त्यातला एक शब्द येईना आणि दोघं भांडले. वारा खाडीवरून येत होता. म्हाताऱ्याचा अंगठा हळूहळू सुटला, आणि त्यानं आणखी भात मागितला. अख्ख्या संसारात इतकं सुखाचं जेवण मी जेवले नाय.

त्या दिवसापासून त्याची जीभ जी सुटली! उठता दुखतंय, बसता दुखतंय. "चंद्रे, भांग. चंद्रे, पाणी चढतंय." मुंगी चावली तरी मला हाक. काशीबाई म्हणायची, म्हातारा लाडावलाय. लाडावू दे की! अख्ख्या जन्माचं राहिलेलं बोलून घेत होता तो, आणि मी ऐकून घेत होते. दर वेळी धावत जायची, आणि दर वेळी तोंडानं कुरकुरायची.

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी त्यानं हाक मारली नाय. मी जाऊन बसले. हमिदा आदल्या दिवशी बघून गेली होती, आता जवळ आलंय असं मला सांगून. बाहेर भात कापणीला आलेला, त्याचा वास ओटीवर येत होता. श्वास चालू होता, डोळे अर्धे उघडे. मी कानाशी तोंड नेऊन विचारलं, "दुखतंय का वं?"

"नाय," म्हणाला.

मी सवयीनं गोधडी वर केली आणि पायाकडं बघितलं. दोन्ही अंगठे सैल पडले होते, तान्ह्या पोराचे असतात तसे. मी तेच हातात धरून बसले. एवढ्या वर्षांत त्याचं हे 'नाय' पहिल्यांदा खरं होतं.